बोटीच्या पोटातला वास

(दृश्य: केबिनमधलं अरुंद दार. आत गुडघ्याएवढ्या उंचीचं भांडं, शेजारी हातपंपाचा दांडा.)

बोटीवर पहिल्यांदा आलेल्या माणसाला शिडं, सुकाणू, झोपायची जागा सगळं हौसेनं दाखवलं जातं. शेवटी हे दार उघडतं आणि यजमानाचा आवाज एकदम हेडमास्तरांसारखा होतो. दांडा असा हलवायचा. ही कळ आधी इकडे, मग तिकडे. कागद भांड्यात नाही, त्या डब्यात. पाहुणा मान डोलावतो आणि दोन तासांनी नेमकी उलटी कळ फिरवतो.

जुन्या शिडाच्या जहाजांवर ही कटकट नव्हती. खलाशी नाळेवर जात, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला. बसायला भोकाची फळी, खाली समुद्र. वारा बहुधा मागून यायचा, त्यामुळे वास जहाजाच्या पुढे निघून जायचा, आणि जागा लाटाच धुऊन काढायच्या. इंग्रजी बोलणारे खलाशी बोटीवरच्या संडासाला अजून ‘हेड’ म्हणतात, ते यावरूनच.

आता भांडं आत आलंय. बऱ्याच बोटींवर ते बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली असतं आणि पाणी आत-बाहेर करायला बोटीच्या बुडाला भोकं असतात. प्रत्येक भोकावर सी-कॉक नावाची चावी. नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन वळवलेली, त्या वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप. ही झडप मिठानं चोंदली की समुद्र नळीतून आपोआप आत ओढला जातो, आणि चावी उघडी राहिली असेल तर रिकामी बोट जागेवरच बुडू शकते. म्हणून त्या माथ्यावरची झडप अधूनमधून काढून गोड्या पाण्यानं धुवायची. पाच मिनिटांचं काम, पण ती दिसत नाही म्हणून राहून जातं.

युद्धनौकाही यातून सुटली नाही. १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडजवळ जर्मन पाणबुडी यू-१२०६ हिच्या शौचालयाच्या यंत्रणेतून समुद्र आत घुसला. ते पाणी बॅटऱ्यांवर पडलं, क्लोरीन वायू तयार झाला आणि पाणबुडी पृष्ठभागावर आणावी लागली. तिथे शत्रूच्या विमानांनी तिला गाठलं. शेवटी खलाशांनी ती सोडून दिली.

(दृश्य: हातमोजे चढवलेले हात. चष्मा. बाजूला बादली, जुनी फडकी.)

आपली गोष्ट एवढी मोठी नाही. आपली तक्रार वासाची आहे. वास आला की बहुतेक जण सुगंधी द्रव ओततात, आणि इथेच चूक होते. वास कधी येतो, कुठे येतो, यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. तो झाकला की हा मागच पुसला गेला.

सकाळी पहिल्यांदा पंप मारला आणि कुजका भपकारा आला? मग दोष मैल्याचा नाही. भांड्यात येणाऱ्या नळीत रात्रभर समुद्राचं पाणी साचलं होतं, त्यातले सूक्ष्म जीव मेले, सडले. बोट सोडून जाताना गोडं पाणी फिरवून ठेवलं तर हा त्रास जातो.

केबिनमध्ये वास कायमच असेल तर नळीवर संशय घ्या. गरम पाण्यात फडकं भिजवून पिळा, नळीवर घट्ट घासा, थंड होऊ द्या, मग फडकं हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर मैल्याचा वास रबरात मुरलाय. ती नळी धुऊन भागत नाही, बदलावीच लागते. हे काम कोणालाच आवडत नाही. मलाही नाही.

नळीत वास का मुरतो, याचं उत्तर हिशेबात आहे. दीड इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण १.१ लिटर पाणी मावतं. नळी तीन मीटर असेल तर सव्वातीन लिटरच्या वर. पाहुण्यानं दोन-चार हात मारले, भांडं स्वच्छ दिसलं, तो निघून गेला. माल मात्र नळीच्या खोलगट भागात तसाच बसलेला. दांडा मोजून मारा, सगळं मैला साठवायच्या टाकीपर्यंत पोचेल इतका.

(दृश्य, जवळून: जुन्या नळीचा आडवा छेद.)

हे बघा. बाहेरून धडधाकट नळी, आत पांढरट राखाडी थर, झाडाच्या वलयांसारखा एकावर एक. मूत्र आणि खारं पाणी एकत्र आले की हे क्षार बसतात. मधे वाट उरलीय ती जेमतेम बोट जाईल एवढी. पंपानंतरच्या रबरी झडपेचंही तेच होतं. तिचे ओठ नवे असताना घट्ट मिटलेले असतात. त्यांवर खडा बसला की ते अर्धवट उघडे राहतात आणि ढकललेलं पाणी सावकाश भांड्यात परत येतं. ही झडप ठरावीक काळानं नवीन घालायची. ती उघडण्याआधी दोन्ही सी-कॉक बंद, आणि त्याही आधी भरपूर गोडं पाणी मारून नळी धुतलेली.

क्षार कोवळे असताना पांढरं व्हिनेगर पुरतं. भांड्यात ओतायचं, थोडं पंपानं पुढे ढकलायचं, रात्रभर राहू द्यायचं, सकाळी खूप पाणी मारायचं. ब्लीच मात्र या खोलीत आणूच नका. आम्लाशी ते भिडलं की क्लोरीन सुटतो, मूत्रातल्या अमोनियाशी भिडलं की क्लोरामाइन. अरुंद, खिडकी नसलेल्या जागेत दोन्ही घातक. शिवाय ब्लीचनं रबर कडक होतं ते वेगळंच. आणि आम्लाचं काम टाकी रिकामी करून, धुऊन झाल्यावर. सडलेल्या मैल्यात आम्ल गेलं तर सुटतो हायड्रोजन सल्फाइड.

या वायूजवळ जरा थांबू. हवा न मिळालेल्या टाकीत जिवाणू तो तयार करतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे कच्चा मालही तयारच. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास भाग झाला की नाक बधिर होतं. वास गेला असं वाटतं, आणि माणूस आत वाकतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खोलगट जागी साचतो. म्हणून टाकी उघडायची असेल तर सगळी झाकणं आणि खिडक्या उघड्या, पंखा चालू, काडी-सिगारेट नाही, कारण मिथेनही असतो. बरोबर दुसरा माणूस हवाच. टाकीत डोकं घालायचं नाही. मोठ्या टाकीत उतरायचं काम तर घरच्या उत्साहाचं नाहीच, ते वायू मोजणारं यंत्र आणि प्रशिक्षण असणाऱ्यांचं.

टाकीला हवा मिळाली की हा त्रास कमी होतो. त्यासाठी हवानळी मोकळी हवी. ती किड्यांच्या घरट्यानं, मिठानं किंवा टाकी ऊतू गेल्यावर वर चढलेल्या मैल्यानं बुजते. मग बाहेरच्या यंत्रानं टाकी उपसताना आत पोकळी होऊन टाकीच्या भिंती आत दबतात.

टाकी उपसणं टाळायला काही जण वाटेतली कळ फिरवून मैला सरळ समुद्रात सोडतात. मोठ्या जहाजांना ‘मारपोल’ या समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानं, २७ सप्टेंबर २००३ पासून, हद्द घातली आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, तोही किमान ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल वेगानं जाताना. छोट्या बोटींना त्या त्या देशाचा कायदा, आणि बंदरात तो बहुधा याहून कडक. ती कळ टाकीच्या बाजूला करून तारेनं बांधून टाका. पाहुणे येतातच.

(दृश्य: बोटीच्या बाहेरची बाजू. हवानळीच्या भोकाजवळ ओला तळवा.)

नवी झडप बसली. क्लिपा आवळल्या. सी-कॉक उघडून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला, कुठे ओला झाला नाही. आता खाली एक जण दांडा मारतोय, आणि वर तळव्याला दर हाताबरोबर हवेची बारीक फुंकर लागतेय.