पंपाचं तोंड

नमस्कार श्रोतेहो. आपल्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, दम्याचा पंप वापरणारं कुणी ना कुणी असतंच. डॉक्टर त्याला इन्हेलर म्हणतात, आपण पंप म्हणतो. आजही पंपच म्हणू या. तो ओढायचा कसा हे दवाखान्यात दाखवलेलं असतं, ते पुन्हा सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते पंपाच्या तोंडाबद्दल. ओठांत धरतो तो प्लॅस्टिकचा भाग धुवायचा कसा आणि बदलायचा कधी, एवढंच.

पंप जवळ असेल तर हातात घ्या. दोन भाग आहेत. आत धातूची डबी, बाहेर प्लॅस्टिक. डबी सरळ वर ओढली की निघून येते. आता रिकाम्या प्लॅस्टिकमध्ये डोकावून बघा. तळाशी एक छोटा उंचवटा दिसेल. डबीची दांडी त्यात बसते. त्याच उंचवट्याला, तोंडाच्या बाजूनं, एक भोक आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, काही पंपांत त्याहून बारीक. सगळं औषध त्या एवढ्याशा भोकातून येतं.

हे भोक, ही डबी, हे तोंड एकत्र आलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

साल १९५५. अमेरिकेत लॉस एंजेलिसला रायकर लॅबोरेटरीज नावाची औषध कंपनी होती. तिचे अध्यक्ष जॉर्ज मेसन. त्यांची १३ वर्षांची मुलगी सूझी दम्यानं बेजार होती. त्या काळी दम्याचं औषध काचेच्या नळकांड्यातून घ्यायचे. अत्तराच्या फवाऱ्याला असतो तसा रबरी फुगा, पुढे काचेचं तोंड. औषध हातानं ओतायचं, फुगा दाबत राहायचा आणि श्वास घ्यायचा. काच हातातून निसटली तर संपलं. फुगा प्रत्येक जण आपल्या ताकदीनं दाबणार, म्हणजे पोटात, माफ करा, छातीत औषध किती गेलं याचा कुणालाच पत्ता नाही. आणि ज्या पोराला धाप लागलीय, त्यानं त्याच वेळी फुगा दाबत बसायचं!

सूझीनं वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात भरून मिळतो, मग माझं दम्याचं औषध तसं का मिळत नाही? घरोघरची मुलं असं काहीतरी विचारतात आणि आपण हो हो म्हणून विसरून जातो. या बापानं प्रश्न कंपनीत नेला आणि आपल्या माणसांना कामाला लावलं.

आयर्व्हिंग पोरुश नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे साधन-सामग्री काय? आइस्क्रीम ठेवायचा एक जुना फ्रीझर, कोका-कोलाच्या रिकाम्या बाटल्या आणि बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र. फवारा उडवणारा वायू गार केला की द्रव होतो, म्हणून तो फ्रीझर. त्या थंड द्रवात औषध मिसळायचं, बाटलीत भरायचं, बूच ठोकायचं. दाबाखालचं औषध तयार झालं. पण खरी अडचण पुढेच होती. फवारा सुटला की सुटतच राहतो. दम्याला मोजून औषध हवं, दर वेळी तेवढंच.

ती अडचण सुटली अत्तराच्या धंद्यातून. फिलिप मेशबर्ग यांनी एक झडप तयार केली होती, अत्तर मोजून उडवण्यासाठी. एकदा दाबलं की ५० मायक्रोलिटर. एक चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर त्याचा शंभरावा भाग. ही अत्तराची झडप औषधाच्या बाटलीवर बसली, पुढे सुमारे ३ इंचांचं प्लॅस्टिकचं तोंड लागलं आणि १९५६ मध्ये पंप बाजारात आला. सूझीच्या प्रश्नाला धड सव्वा वर्षही झालं नव्हतं.

आता ध्यानात घ्या. झडप औषध मोजते, पण त्याचं धुकं होतं ते त्या भोकात. भोक बारीक, म्हणून थेंब बारीक. थेंब बारीक, म्हणून ते छातीत खोल उतरतात. पुढे ओझोनच्या थरासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, त्यातून पंपातला जुना वायू गेला आणि नवा आला. ते योग्यच झालं. पण नव्या वायूच्या पंपांत, विशेषतः साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या पंपांत, भोकाभोवती औषधाची पांढरी पूड साचून ते बुजतं. म्हणून धुणं.

धुवायचं असं. आठवड्यातून एकदा. डबी काढायची, झाकण काढायचं. प्लॅस्टिक कोमट पाण्याच्या धारेखाली वरच्या बाजूनं अर्धा मिनिट धरायचं, मग उलटं करून तोंडाच्या बाजूनं अर्धा मिनिट. झटकायचं आणि रात्रभर वाळत ठेवायचं. डबी पाण्यात घालायची नाही. पुन्हा सांगतो, प्लॅस्टिक धुवायचं, डबी पाण्यात घालायची नाही. भोकात सुई, टाचणी, काडी घालायची नाही. भोक जरा जरी मोठं झालं तरी थेंब जाड होतात आणि औषध घशातच बसतं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात रात्रभरातही वाळत नाही. पंख्याखाली ठेवा. गॅसच्या शेगडीजवळ नको, प्लॅस्टिक वाकतं. आणि कॅप्सूल फोडून ओढायचं पुडीच्या औषधाचं यंत्र असेल, रोटाहेलरसारखं, तर ते पूर्ण कोरडं झाल्याशिवाय वापरूच नका. ओल लागली की पूड आतच चिकटते.

एक अपवाद. काही पंपांतलं औषध द्रवात पूर्ण विरघळलेलं असतं. त्यांतल्या काहींचं तोंड धुवायचं नसतं, कोरड्या फडक्यानं पुसायचं असतं. आपला कुठला, ते खोक्यातल्या कागदावर असतं. तो कागद मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापतात. महाराष्ट्रात विकलं जाणारं औषध वापरायची रीत मराठीत, ठळक अक्षरांत असायला हवी. त्याशिवाय हे औषध विकूच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तोवर औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घ्या.

झाकण हरवू देऊ नका. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून पंप लपवणारी घरं अजून आहेत. चष्मा लपवतो का आपण? मग तो पंप पर्सच्या तळाशी सुट्ट्या पैशांत पडतो, झाकण निसटतं, तोंडात कानातलं नाहीतर नाणं जाऊन बसतं आणि पंप ओढला की थेट श्वासनलिकेत. डॉक्टरांना दुर्बीण घालून अशा वस्तू काढाव्या लागल्या आहेत. ओढण्याआधी तोंडात एकदा बघा.

बदलायचं कधी? डबी संपली की प्लॅस्टिकसकट. नवी डबी जुन्या प्लॅस्टिकमध्ये नको, एका औषधाची डबी दुसऱ्याच्या प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच नको. प्रत्येकाचं भोक वेगळं. मधेच तोंडाला तडा गेला, किंवा धुकं एका बाजूला, पिचकारीसारखं जायला लागलं आणि धुऊनही सुधारलं नाही, तर पंप नवा घ्या. डबी संपली हे पाण्यात तरंगवून कळत नाही. ती रीत सोडा, झडपेत पाणी जातं. हिशेब करा. २०० फवाऱ्यांची डबी, रोज ४, म्हणजे ५० दिवस. त्यानंतरही ती फुसफुसते, पण औषध नेमकं येईलच असं नाही.

स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं, असेल तर तो महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा. आतून खळबळायचा नाही, पुसायचा नाही, तसाच वाळवायचा. पुसल्यानं प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. ओठ लागतात तेवढा भाग मात्र पुसून घ्या. वर्षानं नवा घ्या.

आणि रात्री धुतलेला पंप अजून ओला आहे, तेवढ्यात धाप लागली तर? थांबू नका. प्लॅस्टिक जोरात झटका, डबी बसवा, हलवा, तोंडापासून दूर दोन फवारे सोडा आणि औषध घ्या. सकाळी ते पुन्हा धुऊन वाळत ठेवा.