बसायची शिस्त, उठायची शिस्त

नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे आणि बोलायचं बरंच आहे, म्हणून प्रस्तावना टाळते आणि थेट विषयावर येते. चित्रं काढणारे, लिहिणारे, गाणारे-वाजवणारे कुणीही भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो, मोटिव्हेशन टिकवायचं कसं? हा प्रश्न विचारणारे लोक आळशी असतात असं मला तरी कधी दिसलेलं नाही. उलट चांगली मेहनती माणसं असतात, वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून रात्री जागून काम केलेली, डेडलाइन न चुकवणारी, आणि मग कधीतरी असं होतं की कागद समोर घेतला की नकोसं होतं, नुसतं टेबलाकडे बघितलं तरी थकवा येतो. मग ही माणसं काय निष्कर्ष काढतात, तर आपली शिस्त कमी पडली. की लगेच पहाटेचा अलार्म, वाढवलेलं टार्गेट, स्वतःला दोष. लचकलेल्या पायाला आणखी पळवायचं, तसं. माझं म्हणणं एवढंच आहे की या लोकांकडे शिस्त भरपूर असते पण ती अर्धी असते. बसायची शिस्त सगळेच शिकवतात, उठायची कुणी शिकवत नाही.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. ते म्हणजे नक्की काय ते आधी बघू, कारण आपण तो शब्द कंटाळ्यालाही वापरतो. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर लेख लिहिला. तो न्यूयॉर्कच्या एका मोफत क्लिनिकमध्ये काम करायचा आणि तिथे येणारे स्वयंसेवक, म्हणजे स्वतःच्या मर्जीने, पोटतिडकीने काम करणारी माणसं, काही महिन्यांत पार कोरडी पडताना त्याने पाहिली होती, स्वतःही त्यातून गेला होता. त्याचं म्हणणं होतं की धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्यांची कामावर निष्ठा आहे त्यांना. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी यावर खूप काम केलं, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण साचून होणारी अवस्था म्हटलंय, आणि तीन लक्षणं सांगितलीत: शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

व्याख्या नोकरीसाठी केलेली आहे, पण कला करणाऱ्याला ती तिन्ही लक्षणं चांगली ओळखीची असतात. फक्त माझा अनुभव असा आहे की आपल्याकडे क्रम उलटा लागतो. ऑफिसात माणूस आधी थकतो. कलेत बऱ्याचदा आधी तिसरं येतं, "मला येतच नाही", आणि त्यावर उपाय म्हणून आपण आणखी काम करतो, आणि त्याने थकतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची स्केचबुक मला अजून आठवते. सुरुवातीची पानं बघितली तर रेष कुठेही धावलेली, हाताची बोटं कागदाच्या बाहेर गेलेली, एकावर एक तीन चेहरे, पण जीव होता त्यात. मग मध्ये कुठेतरी रेष फिकी व्हायला लागते. खोडरबराने एवढं घासलेलं की कागदाचे तंतू वर आलेले, एके ठिकाणी तर नाकाच्या जागी कागद झिजून पलीकडचं दिसत होतं. आणि शेवटच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात फक्त तारीख. रोज बसत होती ती! एक दिवस चुकवला नव्हता. तारीख घालायची, बसायचं, काही न काढता उठायचं. आता या मुलीला मी शिस्तीवर लेक्चर देणार का? तिला मी सांगितलं की पुढचे काही आठवडे टायमर लावायचा, वीस मिनिटं, आणि टायमर वाजला की चित्र कुठल्याही अवस्थेत असो, पेन्सिल खाली. खोडरबर माझ्याकडे. ती चिडली आधी, कारण तिला वाटलं मी तिला सवलत देतेय. ती सवलत नव्हती, तिच्यासाठी तीच अवघड गोष्ट होती.

हे माझ्या मनचं नाही. अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार होता, टपाल खात्यात पूर्णवेळ नोकरी, आणि तरी ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. त्याचं उदाहरण शिस्तीच्या प्रत्येक भाषणात येतं आणि आपण ऐकून लाजतो. पण त्याच्या आत्मचरित्रात त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की दिवसाला तीन तास काम माणसाने लिहावं तेवढं लिहायला पुरतं. साडेआठला हा माणूस उठायचा आणि कपडे करून नाश्त्याला जायचा! साडेपाच सगळ्यांना पाठ आहे, साडेआठ कुणाच्या लक्षात नाही.

तसंच ते दहा हजार तासांचं प्रकरण, म्हणजे एवढे तास सराव केला की माणूस तयार होतो म्हणतात ते. त्याचं मूळ १९९३ च्या एका अभ्यासात आहे, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला. त्यात जे उत्तम वादक होते ते एकट्याने सराव करायचे साधारण साडेतीन तास रोज, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन, आणि बाकीच्यांपेक्षा दुपारी जास्त झोपायचे. झोप त्यांच्या रूटीनचाच भाग होती. तासांचा आकडा जगभर गेला, दुपारची झोप मागेच राहिली.

आता उठायचं कसं, हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण नुसतं "ब्रेक घ्या" म्हणून काही होत नाही. आपण साधारण कधी उठतो? एक तर दमून हातातलं पडेपर्यंत, नाहीतर अडकल्यावर. म्हणजे उठताना जी चव तोंडात राहते ती थकव्याची किंवा पराभवाची, आणि दुसऱ्या दिवशी टेबल तीच चव घेऊन वाट बघत असतं. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने एका मुलाखतीत सांगितलंय की पुढे काय होणार हे ठाऊक असतं तिथेच तो दिवसाचं लिखाण थांबवायचा. मी चित्रात हेच करते. एखादा भाग, जो मला नक्की जमणार आहे, मुद्दाम ठेवून देते, समजा उजव्या खांद्याची सावली. आणि कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवते, "सावली, निळा अजून थोडा गडद, कॉलरला हात लावू नकोस." मग ब्रश साबणाने धुवायचे, टोक बोटांनी नीट करायचं, रंगाच्या ट्यूबची झाकणं एकेक करून लावायची, दिवा बंद. दुसऱ्या दिवशी आल्यावर काय करू हा प्रश्नच नसतो, कालच्या मीच आजच्या मला सांगून ठेवलेलं असतं. सुरुवात झाली की पुढचं होतं, अवघड असते ती पहिली पाच मिनिटं.

बसायच्या शिस्तीबद्दल पटकन सांगते कारण त्यावर सगळीकडे भरपूर मिळतं. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात ते सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागताना दिसले, पण माणसागणिक फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. आणि त्या सवयी तरी कसल्या, जेवताना पाणी पिणं, थोडं चालणं असल्या साध्या. मग कोरा कागद भरायची सवय लागायला वेळ लागला तर त्यात नवल काय! त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून ती साखळी मोजणारी ॲप्स मला आवडत नाहीत, एक दिवस गेला की शून्य दाखवतात आणि माणूस पुढचा आठवडाच सोडून देतो.

बरं, मोटिव्हेशन. इथे एक जुना प्रयोग सांगते, १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना चित्रं काढायला आवडतं अशीच निवडलेली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान सर्टिफिकेट मिळेल. काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली, कुणी काही सांगितलं नाही. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षिसाने आवड मरत नाही, पण बक्षिसासाठी म्हणून हात चालवला की आवडीचं कारण बदलून जातं. आज आपल्या प्रत्येक चित्राला, प्रत्येक कवितेला कबूल केलेलं बक्षीस चिकटलेलं आहे, टाकलं की लाइक्स येणार. मी लाइक्सच्या विरोधात नाही, कामाचे पैसे तर घ्यायलाच हवेत आणि व्यवस्थित घ्यायला हवेत. पण एक वही अशी असू द्या जी कुणाला दाखवायची नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही. ही चैन नाही हो, बाकीचं सगळं त्या वहीवर चालतं.

आणि एवढं सगळं करून तरी कोसळलो तर? कोसळतात माणसं. रशियन संगीतकार रखमानिनॉफचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८९७, वय अवघं तेवीस, पहिली सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, सादर झाली, तालीम अपुरी, प्रयोग पडला, समीक्षकाने सोलून काढलं. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्याच्या हातून मोठं असं काही लिहून झालं नाही. पण या काळात तो करत काय होता हे बघा, मॉस्कोत एका खासगी ऑपेरा कंपनीत ऑर्केस्ट्रा चालवत होता, पियानो वाजवत होता. म्हणजे रचना बंद, पण संगीताच्या घरातच, वेगळ्या खोलीत. आणि त्याने मदत घेतली, १९०० मध्ये निकोलाय डाल या डॉक्टरकडे काही महिने जात होता. १९०१ मध्ये दुसरा पियानो कॉन्चर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, पूर्ण झाला आणि त्याने तो डालना अर्पण केला. ती पहिली सिम्फनी मात्र त्याच्या हयातीत पुन्हा वाजली नाही. जुनी जखम पूर्ण बरी व्हायची वाट बघत बसायला लागत नाही, हे मला त्यातून फार महत्त्वाचं वाटतं.

डॉक्टरचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. झोप उडालीये, भूक गेलीये, कलाच काय कशातच मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर तिथे रूटीन बदलून भागणार नाही, डॉक्टरकडे जा. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

मगाशी एकांनी चिठ्ठीवर विचारलंय की बरीच वर्षं सगळं बंद होतं, आता सुरू केलंय पण पूर्वीसारखं जमत नाही, सोडून देऊ का? नका सोडू. काय होतं, आपला हात थांबलेला असतो पण डोळा थांबलेला नसतो, इतकी वर्षं आपण चांगलं काम बघतच असतो, त्यामुळे डोळा कुठल्या कुठे गेलेला असतो आणि हात जुन्या जागेच्याही मागे. मग आज काढलेलं आहे त्याहून वाईट दिसतं. म्हणून सध्या बघूच नका. काढलं की तारीख घालून फोल्डरमध्ये टाका आणि ठरलेल्या वेळेला उठा. महिन्याभराने सगळं एकदम बाहेर काढा, जमिनीवर ओळीने मांडा, पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवून बघा. तोपर्यंत कुणाचं मत विचारू नका, माझंसुद्धा.