लाल शाईतली ओळ

[दृश्य : पावसातली बस, खिडकी, मांडीवरची पिशवी]

जांबोटीकडून बेळगावला येणारी सकाळची बस. आक्कांच्या मांडीवरच्या पिशवीत २५ वर्षांचे केसपेपर आहेत. काही कन्नडमध्ये, बरेचसे इंग्रजीत. आक्कांना वाचता येतं ते मराठी, आणि मराठीत यातला एकही नाही. वरच्या फाईलवर लाल शाईत एक ओळ आहे : पेनिसिलीनची ॲलर्जी.

ती कुणी लिहिली, कशावरून लिहिली, कागदांत कुठेच सापडत नाही. गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून आज कुणीतरी विचारणार आहे.

[दृश्य : तपासणीची खोली, आक्कांचे हात]

"काय झालं होतं?"

"पित्त झालं होतं."

आता हे पित्त कुठलं? घशाशी येणारं आंबट पाणी, मळमळ, तेही आपल्याकडे पित्तच. आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, त्याही पित्तच. पहिला झाला गोळीचा साधा त्रास. दुसरी ॲलर्जी असू शकते. शेजारी उभ्या नर्सबाई कन्नड घरातल्या. त्या हसतात. त्यांच्याकडेही पित्तच म्हणतात, आणि गांधींना गंधे. घोटाळ्याला सीमावाद माहीत नाही!

आक्का उत्तर देत नाहीत, दंडावरून हात फिरवतात. खाज. लाल चट्टे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर. तो आता २२ वर्षांचा आहे.

आम्ही इथे कॅमेरा मुद्दाम लांबवला, कारण सुईच्या आधीची खरी तपासणी हीच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२०मध्ये पेन-फास्ट नावाची गुणपद्धत मांडली, तीही नुसत्या प्रश्नांचीच. त्रास गेल्या ५ वर्षांतला असेल तर २ गुण. चेहरा-घसा सुजला, श्वास कोंडून रक्तदाब कोसळला, किंवा कातडीचा गंभीर विकार झाला, तर आणखी २. उपचार करावे लागले, किंवा ते आठवत नसेल, तर १. बेरीज ३पेक्षा कमी आली, तर खरी ॲलर्जी शंभरातल्या चार-पाच जणांनाच निघते. शिवाय अंगातली ही ॲलर्जी वर्षांगणिक ओसरतेही. १० वर्षांनी बहुतेकांची गेलेली असते.

तेव्हा त्या चट्ट्यांवर उपचार म्हणून सुई मारली होती का? आक्कांना आठवत नाही. गुण १.

[दृश्य : ट्रे, गोळी, भिंतीवरचं घड्याळ]

म्हणून आक्कांना टोचायचं नाही. पेनिसिलीनच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनची एक गोळी, आणि निदान तासभर समोर बसवून ठेवायचं. ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन आहे, जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीवरचं औषध. लागलंच तर मांडीच्या स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम. नाडी, रक्तदाब, कातडी. घरी गेल्यावर पुढचे काही दिवस अंगावर काही उठतंय का, तेही बघायचं.

[दृश्य : तरुणाचा हात, पेनाने काढलेल्या खुणा]

हा निपाणीचा. दोन वर्षांपूर्वी पेनिसिलीनची गोळी घेतली, अर्ध्या तासात ओठ आणि डोळे सुजले, सलाईन लावावं लागलं. २, २ आणि १ : पाचपैकी ५. याला थेट गोळी नाही. आधी कातडीवर थेंब ठेवून हलकं टोचायचं. एक थेंब औषधाचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत गांधी उठवणाऱ्या द्रव्याचा, तो फुगायलाच हवा. एक नुसत्या सलाईनचा, तो फुगता कामा नये. २० मिनिटांनी पट्टीने मोजायचं. काही उठलं नाही, तरच कातडीच्या आत, पातळ केलेलं औषध. खाजेची गोळी आठवडाभर आधीच बंद केलेली असते, नाहीतर हातावर काहीच उठत नाही आणि आपण फसतो.

ठिकठिकाणी जो 'टेस्ट डोस' देतात, म्हणजे औषध थोडंसं टोचून बघतात, त्यात हिस्टामिनचा थेंबही नसतो आणि सलाईनचाही. मग उठलेली गांधी औषधाची की नुसत्या सुईची, सांगणार कोण?

औषधाने ज्यांची कातडी सोलून निघाली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, त्यांची यातली कुठलीच चाचणी करायची नाही. ते औषध कायमचं बंद.

आणि चुकीचा शिक्का तसाच राहिला तर? दुसरी, महागडी औषधं, ऑपरेशनच्या जखमेत पू होण्याचा जास्त धोका, वगैरे.

[दृश्य : पुन्हा आक्का, घड्याळ]

एक तास दहा मिनिटं. नर्सबाई फाईलवरची लाल ओळ खोडतात, तारीख घालतात, सही करतात.

पिशवीतल्या बाकीच्या कागदांवर ती तशीच आहे. आक्का एकेक कागद काढून टेबलावर ठेवू लागतात.