गिगावॉटचा झोत आणि गार चहा

(हातात कप)

हा अर्धा कप चहा, साधारण 100 मिलिलीटर. गार झालाय. यावर 1 गिगावॉटची, म्हणजे 100 कोटी वॉटची मायक्रोवेव्ह सोडली आणि ती सगळी चहानं शोषली, तर तो किती तापेल?

पाव अंश. बस्स!

कारण ती लहर टिकतेच जेमतेम 100 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. गुणाकार करा: 100 ज्यूल. घरातला 800 वॉटचा ओव्हन एवढी ऊर्जा सेकंदाच्या आठव्या भागात देतो. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'काली-5000' घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ते विमानं वितळवतं! प्रत्यक्षात किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र, आणि त्याचाही झोत साधारण तेवढाच क्षणिक.

मग पल्स लांबवा की! गंमत इथेच आहे. ही मायक्रोवेव्ह धातूच्या निर्वात नळीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोतातून निघते. झोत चालू असतो, मायक्रोवेव्ह मात्र आधीच मान टाकते.

कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या ऋण इलेक्ट्रोडवर, लाखो व्होल्ट लावले की पृष्ठभागावरची सूक्ष्म टोकं फुटतात, त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू होतो आणि त्यातून हजारो अँपिअर निघतात. पण हा प्लाझ्मा जागेवर बसत नाही. मायक्रोसेकंदाला एक-दोन सेंटीमीटर वेगानं समोरच्या धन इलेक्ट्रोडकडे, अ‍ॅनोडकडे सरकतो. दोघांमधली फट पूर्ण बुजेपर्यंत थांबायचीही गरज नाही. दोनेक मिलिमीटर कमी झाली तरी झोताचा आणि नळीचा सूर जुळेनासा होतो.

बरं, हे कॅथोड कशाचे करायचे? मखमलीचे. खरंच, कापडाची मखमल! तंतूंच्या टोकांतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. पण कापडच ते, हवा आणि ओल धरून बसतं. म्हणून न्यू मेक्सिकोत, कर्टलंड तळावरच्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेनं सिझियम आयोडाइड चढवलेले कार्बनचे तंतू वापरले. वायू कमी सुटतो, प्लाझ्माही सावकाश सरकतो.

उरल्या नळीच्या भिंती. आत दाब टॉरचा एक लाखांश असला (बाहेरच्या हवेचा दाब 760 टॉर), तरी लखलखीत धातूवर सेकंदाच्या दहाव्या भागात वायूचा नवा थर बसतो. जोरदार विद्युतक्षेत्रात तोच सुटतो, ठिणगी पडते, लहर गिळली जाते. म्हणून नळी निर्वातात भाजायची, विद्युत-पॉलिश करायची, रबरी रिंगांऐवजी सांधे डाखायचे.

नळी रुंद केली तर भिंतीवरचं क्षेत्र उतरतं खरं. पण मग आत नको त्या लहरीही नांदायला लागतात, आणि त्यांना हुसकायचं म्हणजे वेगळंच दुखणं.