दारणेचं पाणी, एका मापाचं जाळं

(दृश्य: पहाट. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं उचलणारा मच्छीमार.)

इगतपुरी तालुक्यातलं दारणा धरण १९१६ सालचं. बांधलं सिंचनासाठी, त्यामुळे मासेमारीलाही आवर्तनाच्या, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीनं सुटणाऱ्या पाण्याच्या तालावर चालावं लागतं. पाणी सुटलं की पातळी उतरते आणि काल पुरुषभर पाणी होतं तिथे चिखल उरतो.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदी वाहू लागली की ते प्रवाहाविरुद्ध चढतात. तेवढ्या पैदाशीवर जलाशय भरत नाही, म्हणून मच्छीमार सहकारी संस्थेला बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडावं लागतं.

(दृश्य: पाण्यावर तरंगणाऱ्या फुगीर पिशव्या.)

बीज बोटाएवढं हवं, ८० ते १०० मिलिमीटर. त्याहून लहान सोडलं तर मरळीसारख्या शिकारी माशाच्या तोंडी जातं. बीज आणलेल्या ऑक्सिजनच्या पिशव्या बंदच ठेवून १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायच्या. मग तोंड सोडून जलाशयाचं पाणी ओंजळीओंजळीनं आत घालायचं. बोटुकली, म्हणजे ही बोटाएवढी पिल्लं, आपणहून बाहेर निघते. घाईनं पिशवी उलटी केली की पाण्यातल्या फरकाचा धक्का बसतो आणि थोड्या वेळात पिल्लं पोट वर करून तरंगतात. जागाही विमोचकापासून, म्हणजे कालव्यात पाणी सोडणाऱ्या दरवाजापासून, लांबची हवी, नाहीतर पहिल्याच आवर्तनात बीज कालव्याला लागतं.

(दृश्य: काठावर पसरलेलं जाळं. आस ताणून धरलेली बोटं.)

ही सगळी मेहनत शेवटी जाळ्याच्या आसावर, म्हणजे त्याच्या भोकाच्या मापावर, येऊन ठेपते. बारीक आसात दीडशे ग्रॅमचा कटला अडकतो. पाणी चांगलं असेल तर तोच वर्षभरात किलोच्या आसपास जातो. पण एकानं बारीक जाळं टाकलं की शेजारचाही टाकतो, कारण आपण सोडलेला मासा त्याच्या जाळ्यात जाणार हे दिसत असतं. एकट्यानं संयम पाळून इथे भागत नाही. म्हणून नवं जाळं पाण्यात जाण्याआधी सगळ्यांसमोर आस ताणायचा आणि ठरलेल्या मापाची लाकडी पट्टी त्यातून घालून बघायची.

मासा उतरवायचा एकाच काठावर, तोलायचा एकाच काट्यावर. कुणी किती लहान आणला ते तिथे झाकत नाही. परस्पर व्यापाऱ्याला गेला तर नोंद बुडते आणि पुढच्या वर्षी किती बीज सोडायचं याचा अंदाज चुकतो. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. त्यात मोठ्या माशाबरोबर पिल्लंही जातात.

उन्हाळ्यात खोल जागा थोड्याच उरतात आणि भांडणं तिथूनच पेटतात. चिठ्ठ्या टाकून पाळी लावली, दर आठवड्याला जागा फिरवली, तर चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. जुन्या नदीपात्रातला सगळ्यात खोल डोह मात्र पाळीबाहेर ठेवायचा, तिथे कुणीच जाळं टाकायचं नाही. मे महिन्यात मोठ्या माद्या तिथेच दडून असतात, आणि पहिला लोंढा आला की त्याच वर चढतात.