लेआउटमधली टिटवी

(दृश्य: पहाट, मोकळे प्लॉट, मग हळूहळू टिटवीवर)

मे महिना, सूर्य नुकताच वर आलेला. नागपूरच्या बेसा-बेलतरोडीकडचा हा लेआउट. नकाशावर इथे प्लॉट पडलेत. जमिनीवर मात्र मुरूम आहे, वाळकं गवत, दोन बाभळी आणि हद्दीचे सिमेंटचे खुंट. त्यातल्या एका खुंटापाशी टिटवी बसली आहे. ती उठली, आता नीट पाहा. मुरमाच्या खड्यांत चार अंडी आहेत. काडी नाही, कापूस नाही, जमिनीतला जरासा खळगा हेच तिचं घरटं.

ही दृश्यं टिपणारे याच वस्तीतले. बँकेतून निवृत्त झालेले एक काकाजी, शाळेतल्या एक मॅडम, इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. फोटोग्राफी कुणाचाच धंदा नाही.

काकाजी गाडीतून उतरत नाहीत. उभ्या गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, माणूस उतरला की उडतात. इंजिन बंद, काच खाली, दारावर तांदूळ भरलेली कापडी थैली आणि तिच्यावर टेकवलेली लांब लेन्स. ऊन चढलं की कॅमेरा पिशवीत जातो, कारण तापल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी धूसरच येतो.

(दृश्य: तारेवरचा वेडा राघू, संथ गतीत)

वेड्या राघूची सवय कळली की अर्धं काम झालं. तारेवरून झेप, हवेतच माशी पकडायची आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी यायचं. तिथे आपटून आपटून मगच गिळायची. म्हणून विद्यार्थी पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत नाही. तो तारेवरची ती जागा फोकसमध्ये धरतो, शटर १/२००० सेकंदावर ठेवतो आणि वाट पाहतो. पसरलेल्या पंखांचा तांबूस रंग असा हाती येतो.

टिटवीचा फोटो मात्र लांबूनच, आणि झटपट. मार्च ते ऑगस्ट हा तिच्या विणीचा काळ, म्हणजे नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेही दिवस त्यात आले. ती अंड्यांवर बसते ती सावली धरायला. डबक्यात पोटाची पिसं भिजवून येते, अंडी गार ठेवते. कुणी जवळून फोटो घ्यायला गेलं की ती ओरडत उठते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. त्या चार अंड्यांपेक्षा कुठलाही फोटो मोठा नाही, हे मॅडम प्रत्येक नव्या मुलाला कॅमेरा हातात देण्याआधी सांगतात.

(दृश्य: कूलर, पोह्यांची गाडी, तान्हा पोळा)

याच कॅमेऱ्यांत वस्तीही आहे. कूलरच्या टाटीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर आलेले बुलबुल. तर्री-पोह्यांच्या गाडीवरची वाफ. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेली पोरं, आणि त्यांच्या मागे विजेच्या तारेवर कोतवाल. पिंपळ पिकला की हरियाल येतात, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, चौकातल्या पिंपळावर, खाली रिक्षा उभ्या.

पावसाळ्यानंतर टिटवीच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू झालं.

(दृश्य: सभागृहात भिंतीवर फोटो लावताना)

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात हे फोटो वस्तीच्या सभागृहात लागतात. प्रत्येकाखाली पक्ष्याचं मराठी नाव, तारीख आणि प्लॉट नंबर. प्लॉट नंबर मुद्दाम लिहिलाय. पाहायला येणाऱ्यांत त्या प्लॉटचे मालकही असतात.