धीमी लोकल

नमस्कार श्रोतेहो. कुकरच्या शिट्ट्या मोजत असाल, तर मोजा. मी दोनच मिनिटं घेते. आज कृतज्ञतेवर बोला असं मला सांगितलंय. शब्द जड आहे, म्हणून मी मेथीवर बोलते.

गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. नोकरी फोर्टात, घर डोंबिवलीत. संध्याकाळची साडेपाचची जलद लोकल म्हणजे आमचा धर्म. एकदा मार्चमध्ये ती डोळ्यांदेखत सुटली. शेजारी धीमी उभी होती, चरफडत चढले. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी... गाडी थांबतेय आणि मी घड्याळ बघतेय.

समोरच्या मावशींनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, मेथीची जुडी सोडली आणि निम्मी माझ्याकडे सरकवली. "नुसतीच बसलीयेस ना? घे." घेतली. जाता जाता सांगते, मेथीचे कोवळे देठ टाकणाऱ्या घरी मला जेवायला बोलावू नका. आणि हल्ली डब्यात सगळ्यांच्या कानांत बोंडं, धड भांडणसुद्धा होत नाही!

तर दादर गेलं, कुर्ला गेलं, ठाणं गेलं. आता नीट ऐका. तेव्हा आमची जलद गाडी ठाण्यापुढे पारसिकच्या बोगद्यात शिरायची. 1916 सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. सात वर्षं मी त्या अंधारातून घरी जात होते. धीमी मात्र त्या बोगद्यात शिरत नाही. पुन्हा सांगते, धीमी त्या बोगद्यात शिरत नाही. ती कळव्यावरून डोंगराला वळसा घालते, मुंब्र्याला, खाडीच्या कडेनं.

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "खाडी बघ, भरती आलीये." तांबूस पाणी पार कांदळवनात शिरलं होतं. सात वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. मुंब्रा आलं तशी त्यांनी डोंगरावरच्या मुंब्रादेवीला हात जोडले, बोटांत मेथीची काडी तशीच. मग खिडकीच्या गजालाही नमस्कार केला.

मी हसले. "मावशी, गाडीची पूजा दसऱ्याला करतात ना?"

"दसऱ्याला माळ घालतो गं. घरी तर रोज पोचवते ना ती?"

डोंबिवलीला उतरताना त्यांनी निवडलेली निम्मी मेथी माझ्या पिशवीत कोंबली. घरी पोचायला उशीर झालाच. दार उघडलं तर ह्यांनी कुकर लावलेला. लग्नानंतर पहिल्यांदाच. पाणी जरा जास्त झालं होतं, पण मी काही बोलले नाही.